दोघांमधला तिसरा

२२ जानेवारी १९५३ रोजी दिल्लीत एक लग्न झाले. नवरदेव होते महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि आता देशाचे अर्थमंत्री. वय ५७. पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारलेली. नवरी होत्या राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई, संविधान सभेत गाजलेल्या, नियोजन आयोगाच्या सदस्य, वय ४३. लग्नाला साक्षीदार म्हणून खुद्द पंतप्रधान नेहरूंनी सही केली. थाटमाट काहीच नव्हता.

दुर्गाबाईंचेही हे पहिले लग्न नव्हते. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले गेले होते. समज आल्यावर त्यांनी घरात स्पष्ट सांगितले की हा संसार मला करायचा नाही. १९२०च्या दशकातल्या आंध्रात असे बोलणारी मुलगी एक तर मारून मुटकून सासरी पाठवली जायची, नाही तर घराला काळिमा म्हणून कोपऱ्यात बसवली जायची. दुर्गाबाईंचे दैव असे की वडील आणि भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भांडण झाले नाही, कोर्ट झाले नाही. मुलगी शिकली, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, वकील झाली.

नवरा-बायकोच्या वादात तिसरे कोण उभे राहते, यावर त्या संसाराचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी ठरते. हा तिसरा कधी बाप असतो, कधी सासू, कधी जातीचा पंच, कधी ठाण्यातला हवालदार, कधी न्यायाधीश, आणि अगदी अलीकडे खोलीत तीन खुर्च्या मांडून बसणारा समुपदेशक. गेल्या पाऊणशे वर्षांतला दिल्लीचा कौटुंबिक इतिहास या तिसऱ्या माणसाच्या शोधाचा आहे. त्यात आपल्या मराठी माणसांचाही बऱ्यापैकी वाटा आहे.

फाळणी: सरकार मधे पडले

१९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या साधारण नऊ लाख होती. १९५१ च्या जनगणनेत ती साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. पश्चिम पंजाब आणि सरहद्दीकडून सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात येऊन पडले. किंग्जवेची छावणी, पुराना किल्ला, पुढे लाजपतनगर आणि राजेंद्रनगर. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहू लागल्या. ज्यांचे लाहोरला दुकान होते ते कनॉट प्लेसच्या फुटपाथवर रुमाल विकू लागले. ज्या बायकांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता त्या शिवणाची यंत्रे चालवू लागल्या. घरात पैसा कोण आणतो हे बदलले की घरात कोणाचे चालते हेही बदलते, आणि त्यातून खटके उडतात. त्या खटक्यांची दाद घेणारी जागा मात्र तेव्हा कुठेच नव्हती. असतील त्या मावश्या, आत्या आणि शेजारपाजारच्या खाटा.

एका बाबतीत सरकार थेट घरात शिरले. दंगलीत पळवून नेलेल्या बायकांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्या त्या कामाच्या पुढे होत्या. संसदेचे कामही तेव्हा पाहणाऱ्या संविधान सभेत या विधेयकावर चर्चा झाली, त्यात दुर्गाबाईही विधेयकाच्या बाजूने बोलल्या. दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार बायका अशा रीतीने परत आणल्या गेल्या. कित्येकींची त्यातून खरोखर सुटका झाली. पण कायद्याच्या व्याख्येत बाईच्या स्वतःच्या इच्छेला जागा नव्हती. जिने दोन वर्षांत नवा संसार उभा केला होता, जिच्या कडेवर मूल होते, तिलाही पोलीस उचलून आणू शकत होते. आणि इकडे आल्यावर तिचे मूळ घर तिला आत घेईलच याची हमी नव्हती.

मध्यस्थ कितीही सद्‌हेतूचा असला तरी तो बाईला विचारत नसेल तर सुटका आणि जबरदस्ती यांतला फरक पुसला जातो, हा या कायद्याचा धडा. दिल्लीला तो पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

त्याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर एक वेगळा प्रयोग करत होते. रुग्णालयात खाटा कमी, माणसे कमी, फाळणीने सैरभैर झालेले रुग्ण मात्र उदंड. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना राहायला बोलावले. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून ते बोलते करत. आजार एकाचा असला तरी घर सगळे आजारी पडते, आणि बरे व्हायचे तर घरानेच बरे व्हायचे, हा विचार त्यामागे होता. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबासाठी वेगळा विभाग उभा राहिला. भारतातल्या कुटुंबोपचाराची मुळे शोधणारे आजही त्या तंबूंपर्यंत जातात. पाश्चात्त्य देशांत विवाह-समुपदेशनाची केंद्रे १९३०च्या दशकात सुरू झाली होती. आपल्याकडे ही विद्या निर्वासितांच्या संकटातून, मोकळ्या मैदानावर आली.

एक कल्पना आणि तिची एकतीस वर्षे

लग्नाच्या वर्षीच, १९५३ मध्ये, दुर्गाबाई चीनला जाऊन आल्या. तिथे कौटुंबिक वादांसाठी वेगळी न्यायालये कशी चालतात ते त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी हा विषय मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला आणि त्याच न्यायालयातले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी बोलून घेतला. नेहरूंच्याही कानावर घातला. त्या स्वतः वकील होत्या. जमिनीच्या तुकड्यावरून भांडणाऱ्या दोन भावांसाठी बनवलेली न्यायालयाची रीत नवरा-बायकोला लावली की काय होते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. दावा, कैफियत, उलटतपास, तारीख. प्रत्येक पायरीवर दोघांनी एकमेकांविरुद्ध जास्तीत जास्त कडू बोलायचे, तेही लेखी, आणि मग न्यायाधीशांनी विचारायचे, ‘काही जमते का बघा.’

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, हिंदूंना कायद्याने घटस्फोट शक्य झाला. निकाल देण्याआधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे असे या कायद्यात लिहिले गेले. तो प्रयत्न करायचा कोणी, किती वेळ, कोणत्या खोलीत, याबद्दल अवाक्षर नव्हते. बहुतेक ठिकाणी न्यायाधीश आपल्या दालनात दोघांना दहा मिनिटे बोलावून चार उपदेशाच्या गोष्टी सांगत आणि ‘समेट अयशस्वी’ असा शेरा मारला जाई.

पुढचे पाऊल पडले ते वीस वर्षांनी, आणि तेही एका मराठी माणसाच्या हातून. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर तोवर देशाचे सरन्यायाधीश होऊन निवृत्त झाले होते आणि १९७१ पासून विधी आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाच्या १९७४ च्या ५९व्या अहवालाने स्पष्ट सांगितले की कुटुंबाच्या वादाकडे नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखे पाहू नका, खटला सुरू होण्याआधी तोडगा काढण्याचा मनापासून प्रयत्न करा. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीनेही आपल्या अहवालात हाच सूर लावला. १९७६ मध्ये अशा वादांसाठी दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली, परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात आली. वेगळे न्यायालय मात्र अजून कागदावरही आले नव्हते. दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी गेल्या. कुटुंब न्यायालय कायदा संमत झाला सप्टेंबर १९८४ मध्ये.

स्टोव्हचा भडका

या मधल्या काळात दिल्लीत जे घडले त्याने समेट या शब्दावरचा लोकांचा विश्वासच उडवला.

१९७९ च्या मे महिन्यात मॉडेल टाऊन भागात तरविंदर कौर ही तरुण विवाहिता जळून मेली. मरताना तिने जबाबात सासरच्यांची नावे घेतली होती. पोलिसांनी नोंद केली आत्महत्येची. १ जून १९७९ रोजी ‘स्त्री संघर्ष’ या गटाने तिच्या सासरच्या दारावर मोर्चा नेला. मोर्चात तिच्या माहेरची माणसे होती आणि बघता बघता गल्लीतले शेजारीही सामील झाले. तोवर घरात बाई जळाली की ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून विषय संपायचा. त्या दिवसापासून दिल्लीची वर्तमानपत्रे या मृत्यूंना हुंडाबळी म्हणू लागली.

त्याच वर्षी सत्यराणी चढ्ढा या दिल्लीतल्या आईची वीस वर्षांची गरोदर मुलगी सासरी जळून मेली. जावयाला स्कूटर हवी होती. सत्यराणी कोर्टात गेल्या आणि जातच राहिल्या. २००० साली जावयाला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दोषी ठरवले गेले, ती शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली २०१३ मध्ये. तब्बल चौतीस वर्षे. पुढच्याच वर्षी सत्यराणी गेल्या. मधल्या काळात त्यांनी शाहजहाँ आपांना साथीला घेऊन ‘शक्ती शालिनी’ ही संस्था उभी केली होती. शाहजहाँ आपांनीही आपली मुलगी अशीच गमावली होती.

१९७९ हे वर्ष महाराष्ट्रालाही विसरता येणार नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात बलात्कार झालेल्या मथुरा या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, आणि पुण्याहून वसुधा धागमवार. पुढे धागमवार दिल्लीत आल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी ‘मार्ग’ ही संस्था काढून कायदा सोप्या भाषेत वस्तीवस्तीत नेला. आपल्या हक्काचे दोन शब्द बाईला ठाऊक असतील तर ती मध्यस्थासमोर वेगळ्या तऱ्हेने बसते, हे त्यांनी ओळखले होते.

हुंडाबळींच्या या प्रकरणांत एक गोष्ट वारंवार दिसते. मेलेल्या मुली मरण्याआधी माहेरी येऊन गेलेल्या असत. कोणी दोनदा, कोणी पाचदा. दर वेळी घरातली वडीलधारी मंडळी बसत, सासरची बोलावली जात, चहा होई, ‘भांड्याला भांडे लागतेच’ असे कोणी तरी म्हणे, आणि मुलीची समजूत घालून तिला रिक्षात बसवून दिले जाई. समेट झाला असे सगळे मानत. मुलगी बोलत नसे कारण बोलून उपयोग नाही हे तिला कळलेले असे. दिल्लीतल्या स्त्री संघटनांना समुपदेशन हा शब्द पुढे कितीतरी वर्षे कडू लागला, त्याचे कारण इथे आहे.

आंदोलनाचा दबाव वाढला तशी सरकारची यंत्रणा हलली. १९८३ मध्ये दिल्ली पोलिसांनी हुंडाविरोधी कक्ष काढला. पुढे तो महिलाविरोधी गुन्ह्यांचा कक्ष झाला, आणि नानकपुऱ्यातली त्याची कचेरी दिल्लीतल्या हजारो संसारांच्या ओळखीची झाली. त्याच वर्षाअखेर दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. नवरा किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता हा आता गुन्हा होता. १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे शिकलेले समाजकार्यकर्ते बसत. दिल्लीच्या कक्षात मात्र वर्दीच समुपदेशन करू लागली. बाई तक्रार देई, नवऱ्याला बोलावणे जाई, दोघांना समोरासमोर बसवले जाई. जमले तर लेखी समझोता, नाही तर गुन्हा नोंदवण्याची शिफारस. एकाच टेबलावर धाक आणि दिलासा दोन्ही मिळू लागले. कित्येकींना एवढ्या धाकानेही श्वास घ्यायला जागा मिळाली. कित्येकींना मात्र गुन्हा हवा होता आणि मिळाली तारीख. उलट बाजूने नवरे म्हणू लागले की समझोत्याच्या नावाखाली आमच्याकडून रक्कम काढली जाते. तराजू कुठल्याही बाजूला झुकला तरी तक्रार होणारच होती, कारण पोलीस आणि समुपदेशक ही दोन कामे एका माणसाची नव्हेत.

द्वारका, २००९

१९८४ च्या कायद्यातले तिसरे कलम सांगते की दहा लाखांहून जास्त वस्तीच्या प्रत्येक शहरात शक्य तितक्या लवकर कुटुंब न्यायालय काढावे. दिल्लीची लोकसंख्या तेव्हा ६२ लाखांच्या वर होती. पहिले कुटुंब न्यायालय राजस्थानात १९८५ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे १९८९ मध्ये झाले, आणि आपल्याकडे विवाह समुपदेशक हे न्यायालयाच्या आस्थापनेवरचे रीतसर पद ठरले. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेला माणूस पगारावर नेमून न्यायाधीशाशेजारच्या खोलीत बसवायचा, ही महाराष्ट्राने लवकर उचललेली गोष्ट.

ज्या शहरात ही कल्पना मांडली गेली आणि ज्या शहरात कायदा झाला, त्या दिल्लीत पहिले कुटुंब न्यायालय उघडले २००९ मध्ये, द्वारका येथे. दुर्गाबाईंच्या चीनवारीला तेव्हा ५६ वर्षे झाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती त्या वेळी होते सोलापूरचे अजित प्रकाश शहा.

हा उशीर अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. तोवर दोन गोष्टी घडल्या होत्या. २००५ मध्ये तीसहजारी न्यायालयात मध्यस्थी केंद्र सुरू झाले, त्याच वर्षाअखेर कडकडडूमाला, आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाचे ‘समाधान’. दुसरी गोष्ट म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत समुपदेशनाविषयी एक वाक्य आहे, ते मुळातून वाचण्यासारखे. हिंसा का केली याचे समर्थन समुपदेशनात करू दिले जाणार नाही, ही गोष्ट समोरच्याला आधीच सांगायची. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत चालणार नाही. पुन्हा हात उगारणार नाही अशी हमी त्याने द्यायची आणि मगच पुढचे बोलणे. १९७९ च्या दिल्लीने जे रस्त्यावर शिकले ते इथे नियमाच्या भाषेत उतरले.

मध्यस्थी केंद्रातली खोली लहान असते. गोल टेबल, पाच-सहा खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि बहुतेक वेळा कागदी रुमालांचा डबा. मध्यस्थ आधी दोघांना एकत्र बसवून सांगतो की इथे बोललेले कोर्टात जाणार नाही. मग प्रत्येकाशी वेगळे बोलतो. बाहेरच्या बाकावर दोन्हीकडच्या आया एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. तोडगा निघाला तर कागद होतो. त्यात स्त्रीधनाची यादी, रक्कम किती हप्त्यांत, मूल शनिवारी कोणाकडे, कोणत्या तारखेला कोणता खटला मागे घ्यायचा. गॅसच्या सिलिंडरपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळे कलमवार लिहिलेले असते. अनेकदा हा कागद संसार सांधण्याऐवजी तो नीट उसवण्याचा असतो, आणि त्यात वाईट काही नाही. चौतीस वर्षे कोर्टात घालवण्यापेक्षा सहा महिन्यांत सभ्यपणे वेगळे होणे दोघांना, आणि मुलांना तर नक्कीच, परवडते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवावेत आणि खटल्याआधीच मदत मिळेल अशी सोय केंद्रांनी करावी असे सांगितले.

मध्यस्थीला निकाल हवा असतो, म्हणून ती ‘आता पुढे काय’ हा प्रश्न विचारते. जोडप्यांच्या मानसोपचारात विचारतात, ‘हे दर वेळी असेच का होते.’ दिल्लीत १९७६ मध्ये ‘संजीवनी’ या संस्थेने प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून फुकट आणि गुप्त समुपदेशन सुरू केले तेव्हा असा प्रश्न विचारता येतो हे फार थोड्यांना ठाऊक होते. १९८०च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनांवर लक्ष ठेवणारी पद्धत मांडली. तिचे सार असे की भांडण पैशाचे असो की सासूचे, खाली एक ठरलेला फेरा चालू असतो. एक जण मागे लागतो, दुसरा पाठ फिरवतो. पाठ फिरवली म्हणून पहिला आणखी मागे लागतो. दोघांनाही वाटते की सुरुवात समोरच्याने केली.

समजा, द्वारकेतले एक जोडपे आहे. त्याची गुरुग्राममधली नोकरी गेली आहे, ती शाळेत शिकवते. ती म्हणते, ‘हा दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो, विचारले तर खेकसतो.’ तो म्हणतो, ‘घरात पाऊल ठेवले की चौकशी सुरू, इंटरव्ह्यूचे काय झाले.’ घरातली आत्या इथे म्हणेल, जरा दमाने घे ग. जाणता समुपदेशक त्याला विचारतो, ‘ती विचारते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येते?’ थोड्या वेळाने उत्तर येते, ‘की मी कुचकामी आहे.’ मग तिला विचारतो, ‘तो गप्प बसतो तेव्हा?’ ‘की माझी गरज उरली नाही.’ ही दोन वाक्ये एकाच खोलीत मोठ्याने बोलली गेली की फेरा थोडा सैल होतो. पण कसलेला समुपदेशक त्याही आधी एक काम करतो. दोघांना वेगवेगळे भेटून विचारतो की घरात कोणाला कोणाची भीती वाटते का. भीती असेल तर एकत्र बैठक घ्यायची नाही. भ्यालेला माणूस तिथे खरे बोलत नाही, आणि बोललाच तर त्याची किंमत त्याला घरी गेल्यावर चुकवावी लागते.

कुलूपबंद घरे

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. बाप, आत्या, शेजारी, पोलीस, न्यायालय, समुपदेशक, सगळे तिसरे एका रात्रीत नाहीसे झाले. नवरा-बायको उरले, आणि चार भिंती. एप्रिलमध्ये नोएडाची आणि गुरुग्रामची हद्द दिल्लीसाठी बंद झाली. सासर मयूर विहारला आणि माहेर नोएडाला, मेट्रोने पंधरा मिनिटांचा रस्ता, पण तिथे पोलिसांचे अडथळे. रागावून माहेरी जाणे हा आपल्याकडचा जुना, विनाशुल्क उपचार. तोच बंद पडला.

राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर केला. त्यामागचे कारण साधे होते. मारणारा शेजारच्या खोलीत असताना फोनवर बोलता येत नाही, संडासात बसून संदेश मात्र पाठवता येतो. २०२० मध्ये आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, त्यांतल्या ५,२९४ कौटुंबिक हिंसाचाराच्या. २०२१ मध्ये एकूण आकडा ३०,८६४ वर गेला. त्या वर्षी उत्तर प्रदेशाखालोखाल दिल्लीचा क्रमांक होता, ३,३३६ तक्रारी. तक्रार करणे सोपे झाले म्हणूनही आकडा वाढतो, तेव्हा यावरून घराघरांत मारहाण किती वाढली याचा हिशेब मांडता येत नाही. तिसऱ्याची गरज किती होती हे मात्र कळते. न्यायालये पडद्यावर आली, मध्यस्थीही. परस्पर संमतीचे घटस्फोट व्हिडिओवर झाले.

आणि तरीही असंख्य घरे तगली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनसाठी रांगा लावणाऱ्या दिल्लीत जी जोडपी आधी एकमेकांशी धड बोलत नव्हती ती रात्ररात्र सिलिंडर शोधत एकत्र फिरली. काहींचे नंतर पुन्हा बिनसले. संकट माणसांना आपोआप जवळ आणते हे खरे नाही, आणि तोडते हेही नाही. कुटुंबांच्या तगून राहण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी विदुषी फ्रोमा वॉल्श यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले आहे. आलेल्या संकटाचा घर काय अर्थ लावते, कामे आणि अधिकार गरजेप्रमाणे वाटून घेता येतात का, आणि जे आहे ते स्पष्ट बोलले जाते का. लाजपतनगरच्या निर्वासित बाईने शिवणयंत्र हाती घेतले तेव्हा ज्या घराने ते मान्य केले ते सावरले. टाळेबंदीत ज्या घरातल्या पुरुषाने पोळपाट हाती घेतला त्या घरातही तेच झाले.

आज दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गावर ‘दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस’ हे स्थानक आहे आणि लोदी इस्टेटमधल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या सभागृहाला चिंतामणरावांचे नाव आहे. दिल्लीत आता अनेक कुटुंब न्यायालये आहेत, मध्यस्थी केंद्रे आहेत, खासगी समुपदेशकांच्या पाट्या तर गल्लोगल्ली. जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्यायसंहितेच्या ८५व्या आणि ८६व्या कलमांनी घेतली आहे. यंत्रणा कमी नाही. कमी आहे ती वेळेवर जाण्याची सवय. दाताच्या दुखण्याला आपण आठवड्यात दाखवतो आणि संसाराच्या दुखण्याला पाच-दहा वर्षांनी, तेही वकिलाला.

तेव्हा वाचकांना सांगायचे ते इतकेच. घरात पैशाचे, आजाराचे, नोकरीचे संकट आले आणि बोलणे तुटू लागले, तर नोटीस पाठवण्याआधी समुपदेशकाकडे जा, आणि दोघे जा. तो तुम्हाला वेगवेगळे भेटतो का, भीतीबद्दल विचारतो का, गुप्तता पाळतो का, हे पाहून त्याची निवड करा. आणि लेक किंवा बहीण माहेरी येऊन ‘मला परत जायचे नाही’ म्हणाली तर तिची समजूत घालण्याआधी दार लावून तिच्याशी एकटीशी बोला, तिचे पूर्ण ऐका, आणि तिने जे ठरवले असेल त्यात तिच्या बाजूने उभे राहा. राजमहेंद्रीच्या एका बापाने आणि भावाने शंभर वर्षांपूर्वी एवढेच केले होते.